त्रिंबाखची रिझलिंग: पहिली बाटली घेणाऱ्यांसाठी

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. आता राहते ऱ्हाईन नदीच्या जर्मन काठावर. नदी ओलांडली की फ्रान्सचा अल्सास प्रांत लागतो. घरी येणारे पाहुणे, पुण्याहून शिकायला आलेली मुलं, नवऱ्याच्या ऑफिसातले मराठी सहकारी, सगळे कधी ना कधी विचारतात, "चांगली फ्रेंच वाईन प्यायची आहे, सुरुवात कुठून करू?" मी दर वेळी एकच उत्तर देते. त्रिंबाख घराण्याची रिझलिंग घ्या, म्हणजे रिझलिंग नावाच्या द्राक्षाची वाईन. पांढरी, कोरडी (म्हणजे गोड नसलेली), हिरव्या उंच बाटलीतली.

कारण सांगते. या वाईनमध्ये झाकाझाक नसते. चव गोड करायला साखर ठेवलेली नसते, नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नसतो. द्राक्ष, माती आणि ते वर्ष, एवढंच ग्लासात येतं. म्हणून पहिल्या घोटाला बहुतेकांचा चेहरा आक्रसतो आणि शब्द येतो "आंबट!" तो शब्द तक्रारीचा वाटतो. हा आंबटपणाच या वाईनचा कणा आहे, हे एकदा जिभेला कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. हा लेख तेवढ्यासाठी.

आधी जागा समजून घ्या

अल्सास म्हणजे पश्चिमेला व्होज डोंगररांग आणि पूर्वेला ऱ्हाईन, यांच्यामधली उभी चिंचोळी पट्टी. पाऊस पश्चिमेकडून येतो, डोंगरावर रिकामा होतो आणि पलीकडच्या उतारावर ढग पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं पाणी उरलेलं नसतं. कोल्मार हे तिथलं शहर फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. आपल्याकडे सह्याद्री ओलांडून महाबळेश्वरकडून तासगाव-कवठेमहांकाळकडे आलं की जे होतं, तेच हे. पर्जन्यछायेतली द्राक्षं डावणी-भुरीसारख्या बुरशीच्या रोगांपासून थोडी वाचतात, शरदात उन्हं लांबतात आणि घड सावकाश पिकतात.

फरक रात्रींचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या रात्री चांगल्याच गार होतात. दिवसा उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आम्ल टिकून राहतं. आपला माल फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात तयार होतो, त्यामुळे साखर चढताना आंबटपणा झपाट्याने उतरतो. खायच्या द्राक्षाला तेच हवं असतं. रिझलिंगला नको असतं.

मागच्या एका सप्टेंबरात आबा इकडे आले होते. रिबोव्हिले गावातून हुनावीर गावाकडे आम्ही द्राक्षमळ्यांमधून चालत निघालो. दोन-तीन किलोमीटरची वाट आहे, नक्की चाला. तोडणी सुरू होती. ओळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या एका कामगाराने आबांची नजर ओळखली आणि एक घड पुढे केला. मूठभर घड, मणी वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, सालीवर तपकिरी ठिपके. आमच्याकडे असा घड पॅकिंगला गेलाच नसता. आबांनी एक मणी तोंडात टाकला, चावला, थांबले.

"बी हाय की गं यात."

"वाईनच्या द्राक्षाला असतंच, आबा. बी चावून बघा. तपकिरी असून कडकन फुटलं तर पिकलं म्हणतात."

त्यांनी चावलं. "फुटतंय. पर आंबट हाय. ब्रिक्स किती घेत्यात?"

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. एकवीस-बावीस, मी म्हणाले. ते गप्पच झाले. बेदाण्याच्या मालाला जेवढी साखर आपण बघतो, साधारण तेवढी साखर, आणि तरी तोंडात हा आंबटपणा! मग त्यांनी वेलाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नजर फिरवली. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारांवर उभी केलेली ओळ. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. जीएची डीप नाही, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवत नाहीत, कारण मणी फुगवायचाच नसतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त, आणि चव-वासाचा मोठा वाटा सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो.

तो घड हातात धरून उभे असलेले आबा मला अजून दिसतात. रिझलिंग कुणाला समजावायची असली की मी तिथूनच सुरुवात करते.

घराणं आणि त्याच्या चार पायऱ्या

त्रिंबाख (आपल्या त्र्यंबकच्या जवळचाच उच्चार, लक्षात ठेवायला सोपा) हे नाव अल्सासमध्ये १६२६ पासून वाईनशी जोडलेलं आहे. त्या वर्षी जाँ त्रिंबाख रिकवीर गावात वाईनच्या धंद्यात आला. पुढे कुटुंब हुनावीरला आणि नंतर रिबोव्हिलेला आलं. तेरावी पिढी कामात आहे. १६२६ नंतर या मुलखाने तीस वर्षांच्या युद्धाचा कहर पाहिला, १८७१ मध्ये तो जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेला. वाईनवरची नावं जर्मन वाटतात आणि कायदा फ्रेंच, तो यामुळेच. रिझलिंग हे द्राक्षही मूळचं ऱ्हाईनकाठचं.

पहिली बाटली घेताना घराण्याच्या रिझलिंगच्या पायऱ्या कळल्या की पैसे वाया जात नाहीत.

सगळ्यात खाली साधी रिझलिंग, पिवळ्या लेबलची. त्यावर 'रेझेर्व्ह'. मग 'क्युव्हे फ्रेदेरिक एमिल'. हे नाव घराण्यातल्या फ्रेदेरिक एमिल त्रिंबाख यांचं. १८९८ मध्ये ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या वाईनला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि घराण्याचं नाव अल्सासबाहेर गेलं. तिची द्राक्षं रिबोव्हिलेच्या वरच्या गाइसबेर्ग आणि ओस्टरबेर्ग या दोन उतारांवरून येतात.

आणि शिखरावर 'क्लो सांत यून'. हुनावीरच्या रोझाकर नावाच्या उतारात १.६७ हेक्टरचा एक तुकडा आहे, म्हणजे चार एकरांच्या जरा पुढे. आमच्या घरच्या बागेपेक्षा लहान. त्या एका तुकड्याची रिझलिंग १९१९ पासून वेगळी भरली जाते आणि जगातल्या सर्वोत्तम कोरड्या रिझलिंगमध्ये तिचं नाव घेतलं जातं. जमीन चुनखडीची. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की बागायतदाराच्या कपाळाला आठी पडते, पानं पिवळी पडतात, कलमासाठी अशी जमीन सोसणारा डॉगरीज जातीचा खुंट शोधावा लागतो. इथे त्याच चुनखडीसाठी तो तुकडा जपला जातो, कारण तिथल्या वाईनला एक ताठपणा येतो जो वीस-तीस वर्षं वाकत नाही.

सांत यून म्हणजे संत हुना, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. ती गोरगरिबांचे कपडे गावच्या झऱ्यावर स्वतः धुवायची असं सांगतात. एका नापिकीच्या वर्षी त्या झऱ्यातून वाईन वाहिली, अशीही आख्यायिका आहे. झरा आजही आहे. गावाच्या डोक्यावर तटबंदीतलं चर्च आहे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही तेच वापरतात, आणि त्याच्या भोवती सगळीकडे द्राक्षवेल.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिली बाटली साधी किंवा रेझेर्व्ह घ्या. क्लो सांत यूनची किंमत कितीतरी पटींनी जास्त असते, आणि ती तरुण असताना पहिल्यांदा पिणाऱ्याला फक्त आंबट आणि बंद वाटते. एवढे पैसे घालून निराश होण्यात अर्थ नाही. सहा-आठ बाटल्या खालच्या पायरीवर पिऊन झाल्या, की एक फ्रेदेरिक एमिल घ्या. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

लेबल कसं वाचायचं

चार गोष्टी बघा, बाकी सोडून द्या.

द्राक्षाचं नाव. फ्रान्समध्ये बऱ्याच भागांत लेबलवर फक्त गावाचं नाव असतं, अल्सासमध्ये द्राक्षाचंही असतं. नवख्यांसाठी ही मोठी सोय. 'गेवुर्त्सट्रामिनर' लिहिलं असेल तर ती गुलाबाच्या, लिचीच्या वासाची वेगळीच वाईन आहे, रिझलिंग समजून उचलू नका.

साल. हे द्राक्ष तोडल्याचं साल, बाटली भरल्याचं नव्हे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला, त्या सालच्या वाईन गुबगुबीत, आम्ल कमी. २०१० च्या रिझलिंग धारदार, लांब टिकणाऱ्या. २०२१ ला पाऊस आणि डावणीने बागायतदारांना रडवलं, पण जी द्राक्षं वाचली त्यांत गारव्याचा सुंदर आंबटपणा होता.

गोडीचा शब्द. २०२१ च्या हंगामापासून अल्सासच्या पांढऱ्या वाईनवर तो छापणं बंधनकारक झालं. 'सेक' म्हणजे कोरडी, 'देमी-सेक' किंचित गोड, 'म्वालो' गोड, 'दू' त्याहून गोड. त्रिंबाखची रिझलिंग कोरडीच असते, 'व्हांदांज तार्दिव्ह' म्हणजे उशिरा तोडणीची असा शिक्का असेल तर मात्र गोडीची तयारी ठेवा.

'ग्रां क्रू' हा शब्द. अल्सासमध्ये कायद्याने ठरवलेले असे ५१ उत्तम उतार आहेत. रोझाकर हा त्यांपैकीच, तरी क्लो सांत यूनच्या लेबलवर वर्षानुवर्षं ग्रां क्रू लिहिलेलं नसायचं. घराण्याने अनेक वर्षं उताराच्या नावापेक्षा स्वतःच्या नावावर भर दिला. अलीकडे गाइसबेर्ग, श्लॉसबेर्ग अशा काही बाटल्यांवर त्यांनी तो शब्द छापायला सुरुवात केली आहे. तेव्हा ग्रां क्रू नाही म्हणून बाटली हलकी, असं समजू नका.

विकत घेताना आणि भारतात नेताना

दुकानात बाटली कुठे ठेवली आहे ते आधी बघा. एकदा मी एका शहरातल्या दुकानाच्या काचेमागे, उन्हात मांडलेली बाटली घेतली. सवलतीत होती. घरी उघडली तर रंग मातकट पिवळा आणि वास मऊ पडलेल्या, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. ऊन आणि उष्णता वाईनला मारते. आडवी, अंधारात, गार जागी ठेवलेलीच बाटली मागा. बुचाच्या खाली वाईनची पातळी मानेत नीट वर आहे ना, बूच बाहेर ढकललं गेलेलं नाही ना, चिकट ओघळ नाही ना, एवढं पाहिलं की पुरे.

प्रत्यक्ष रिबोव्हिलेला जाणार असाल तर स्ट्रासबुर्गहून रेल्वेने कोल्मार अर्ध्या तासावर आहे, तिथून पुढे बस. तळघर बघायचं किंवा चव घ्यायची असेल तर आधी लिहून वेळ ठरवा, तोडणीच्या दिवसांत कुणाला उसंत नसते. चव घेताना तिथे थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. आपल्याला थुंकणं असभ्य वाटतं, तिथे ते रीतीला धरून आहे. पाच-सहा वाईन चाखून डोकं शाबूत ठेवायचं तर थुंका. आणि गाडी चालवणाऱ्याने तर थुंकलं तरी बेतानेच.

भारतात येताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य किंवा वाईन शुल्काशिवाय आणता येते. बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी घेतलीत तर मर्यादा ओलांडते. अल्सासची बाटली उंच आणि निमुळत्या मानेची असते, बॅगेत मान आधी फुटते. जाड मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध, चेक-इनच्या बॅगेत. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा.

थांबायचं किती

त्रिंबाख फ्रेदेरिक एमिल आणि क्लो सांत यून या बाटल्या भरल्यानंतर कित्येक वर्षं स्वतःच्या तळघरात ठेवतात आणि मगच विकायला काढतात. म्हणजे पहिली वाट त्यांनी तुमच्यासाठी पाहिलेली असते. साधी आणि रेझेर्व्ह लगेच प्यायला तयार असतात, पाच-सात वर्षंही छान राहतात.

पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात मात्र कपाटात, माळ्यावर बाटली ठेवू नका. वाईनसाठीचा खास फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजमध्ये काही महिने चालेल, पण त्याच वर्षी पिऊन टाका. एप्रिल-मे मध्ये बंद घरात चाळीस अंशांना राहिलेल्या बाटलीकडून काही अपेक्षा ठेवू नये.

गार करणं आणि उघडणं

इथे सगळ्यात जास्त चूक होते. फ्रिजमधून काढून थेट ओतलेली रिझलिंग चार-पाच अंशांवर असते. त्या गारव्यात वास झोपलेला असतो आणि जिभेला फक्त आंबट टोचतं. मग "आंबट" म्हणणाऱ्याचा काय दोष? १० ते १२ अंश योग्य. फ्रिजमधून काढा, वीस मिनिटं टेबलावर ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात दहा मिनिटं पुरतील. ग्लासात बर्फ घालू नका.

बूच ओढताना बाटली हलवू नका, स्क्रू मधोमध आणि सरळ. बुचाच्या टोकाला किंवा बाटलीच्या तळाशी साखरेसारखे चकचकीत खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, गारव्यात घट्ट झालेले. द्राक्षातलंच आम्ल ते. सावकाश ओता, खडे तळाशी राहतील.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर ते बुचाचं दूषण. अशी बाटली उत्तम घराण्याचीही निघू शकते. दोष वाईनचा नसतो. चांगला दुकानदार बदलून देतो, पावती जपा.

ग्लास साधा चालेल, पण वर निमुळता होत जाणारा हवा. एक तृतीयांशच भरा. एका बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, म्हणजे चौघांच्या जेवणाला एक बाटली भरपूर झाली.

पहिला घोट

ग्लास टेबलावरच हळूच गोल फिरवा, नाक आत घाला. तरुण रिझलिंगमध्ये लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पांढरी फुलं. थोडी वर्षं झालेली असेल तर मध, आणि एक वास असा येतो की नवखा दचकतो. रॉकेलचा. हो, स्टोव्ह पेटवायच्या आधी भांड्यातून जो यायचा तोच, फक्त फार पुसट. उन्हात वाढलेल्या रिझलिंगच्या सालीत जी द्रव्यं असतात ती वर्षं सरतील तशी बदलतात आणि हा वास येतो. भेसळ नव्हे, बिघाड नव्हे. पहिल्यांदा विचित्र वाटेल, नंतर तोच शोधाल.

आता घोट घ्या. गिळू नका. जिभेवरून दोन्ही बाजूंना फिरवा आणि तीन सेकंद थांबा. आंबटपणा जिभेच्या कडांना लागेल, तोंडाला पाणी सुटेल. आता गिळा आणि मोजा. चव किती वेळ राहते? साध्या वाईनची चव पाच-सहा आकड्यांत संपते. चांगल्या रिझलिंगची वीसपर्यंत जाते, आणि जाता जाता लिंबाकडून खारटपणाकडे, ओल्या दगडाकडे वळते. हे मोजणं कुणीही करू शकतं, त्याला नाक तयार लागत नाही.

बऱ्याच पांढऱ्या वाईनमध्ये आंबवल्यानंतर आणखी एक क्रिया होऊ देतात. तिच्यात सफरचंदातलं तीक्ष्ण आम्ल दुधातल्या मऊ आम्लात बदलतं आणि वाईन लोण्यासारखी होते. त्रिंबाख ती क्रिया होऊ देत नाहीत. साखर पूर्ण आंबवून संपवायची आणि आम्लाला हात लावायचा नाही, ही या घराची रीत आहे. कैरीचं पन्हं आणि नुसती मीठ लावलेली कैरी यांत जो फरक, तो इथे आहे. पन्हं सगळ्यांनाच आवडतं, पण कैरीची चव कळते ती फोडीतच.

सोबत काय खावं

अल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीबरोबर, नदीतल्या माशाबरोबर, कांदा-क्रीमच्या पातळ तार्तबरोबर ती पितात. या वाईनला मीठ आणि तूप-तेल हवं असतं, कारण आंबटपणा तेल कापतो.

आपल्या ताटात माझा अनुभव असा: रवा लावून तळलेली सुरमई किंवा बांगडा, वर लिंबू पिळायच्या ऐवजी ही वाईन. कोथिंबीर वडी उत्तम. अळूवडीही, पण चिंच-गूळ हलक्या हाताने. खारे काजू, तळलेले. कोळंबीचं सुकं, तिखट बेताचं असेल तर. तांबड्या रश्श्याबरोबर नको. तिखटाने पोळलेल्या जिभेवर आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही आणखी झोंबतात, रश्श्याचीही मजा जाते. तिखट जेवण असेल तर किंचित गोडसर गेवुर्त्सट्रामिनर घ्या. आणि पुरणपोळीबरोबर मुळीच नको, गोडापुढे कोरडी वाईन कडू लागते.

आबांना मी पहिला ग्लास बांगड्याबरोबर दिला होता. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास बाजूला ठेवला, बांगडा मात्र दोन खाल्ला. मी आग्रह केला नाही.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस आरामात टिकते. दुसऱ्या दिवशी ती जास्त मोकळी होते, कारण रात्रभर थोडी हवा लागलेली असते आणि बंद पडलेले वास वर येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसताना आबाच म्हणाले, "ती कालची हिरवी बाटली सपली का गं? वाईच दे बरं, बघू आज कशी लागती."